दुसऱ्या खळीची वही

सोमवार, ४ जानेवारी

ही डायरी मला बक्षीस मिळाली, कारण ती मीच बिघडवली. नव्या वर्षाच्या आठशे डायऱ्यांपैकी बाविसांना मी कव्हर उलटं चिकटवलं. कव्हर सरळ धरून उघडलं की आत एकतीस डिसेंबर खाली डोकं वर पाय. मालकांनी कपाळाला हात लावला आणि त्या बावीस डायऱ्या कारखान्यातच नोंदींसाठी वापरायच्या ठरवल्या. एक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, रोज उघडत जा, म्हणजे लक्षात राहील.

म्हणून लिहितेय. जेवणाच्या सुट्टीत, खळीच्या टेबलाशी बसून. वह्या-पुस्तकं बांधायच्या कारखान्यात खळ करणं हे माझं काम. खळ म्हणजे पीठ शिजवून केलेला डिंक. पुठ्ठा, कापड, कागद सगळं तिच्याच जिवावर. खळ बिघडली की पुस्तक बिघडतं, आणि पुस्तक बिघडलं की बोलणी मला.

आज सकाळी पाळी आली. सासूबाईंना हे सांगावं लागत नाही. मी न्हाणीघरातून बाहेर आले, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातलं काज अर्धं सोडलं आणि सुस्कारा टाकला. त्या एका शिंप्यासाठी घरबसल्या काजं करून देतात. लग्नाला साडेतीन वर्षं झाली, म्हणजे असे चाळीसेक सुस्कारे जमा झालेत. मला मूल हवंय. अगदी पोटातून हवंय. पण हे फक्त इथेच लिहिता येतं, कारण घरात तोंड उघडलं की उपाय सुरू होतात.

सासूबाईंचं निदान पक्कं आहे. माझ्या अंगावरून पांढरं जातं, त्याने हाडं झिजतात, आणि झिजलेल्या बाईला मूल कुठून राहणार. पांढरं का जातं, तर खळीमुळे. दिवसभर ओल्यात हात घालून उभी राहिल्यावर अंगात ओल मुरणारच. मार्चअखेर फरक पडला नाही तर नोकरी सोडायची, असं त्यांनी आज जाहीर केलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे दोन मजल्यांच्या मधे लटकून राहायची त्याला सवय आहे. 

शनिवार, ९ जानेवारी

मी पुरावा गोळा करणार आहे.

आमच्याकडे खळीच्या प्रत्येक पातेल्याची नोंद होते. तारीख, तार, रंग, वास, शेरा. तार म्हणजे दोन बोटांत खळ धरायची, बोटं उघडायची आणि दोरा किती ताणला जातो ते बघायचं. ही शिस्त मुकादमबाईंची. त्या तीस वर्षं या कारखान्यात आहेत आणि त्यांच्या मते जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या वही तपासतात.

मग म्हटलं, खळीची नोंद होते तर माझी का नको? ज्या दिवशी खळ ओली त्याच दिवशी मीही ओली, असं निघालं तर सासूबाई जिंकल्या. नाही निघालं तर माझी नोकरी वाचली. डायरी कव्हराप्रमाणे सरळ धरून उघडली आणि तिथून रकाने आखले. आतल्या पानांप्रमाणे उघडली तर हे लिखाण, कव्हराप्रमाणे उघडली तर नोंदी. उलटं चिकटवल्याचा एवढा तरी उपयोग झाला. मथळा दिला ‘खळ क्र. २’. कुणाच्या हाती लागलीच तरी त्याला काय कळणार आहे. पाळीच्या पाच दिवसांपुढे लिहिलं, ‘काम बंद’.

आजची नोंद: तार नाही, रंग नाही, वास नाही, कोरडं. शेरा: सासूबाई खूश.

गुरुवार, १४ जानेवारी

सोमवारपासून थोडं पांढुरकं आणि चिकट होतं. आज सकाळी तार आली. पाण्यासारखं स्वच्छ, बोटं उघडत गेले तरी तुटेना. कामाच्या नजरेने सांगायचं तर अप्रतिम. अशी खळ मला उभ्या आयुष्यात जमलेली नाही. आज कारखान्यातल्या खळीच्या मात्र गाठी झाल्या होत्या, म्हणजे दोघींचा काही संबंध दिसत नाही. हे मी टिपून ठेवलं.

पण पुरावा पुरा होईपर्यंत घरची रीत चुकत नाही. रीत अशी, की अंगावरून तार जायला लागली की सुनेने सासूच्या खोलीत झोपायचं, ती थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवस. त्या दिवसांत बाईची ताकद वाहून जात असते, आणि नवरा जवळ असला तर त्याचीही जाते. हे सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं हे विचारायचं नसतं.

सासूबाई रोज सकाळी नुसतं “आज काय?” एवढंच विचारतात. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. त्यामुळे आज माझी उशी त्यांच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर गेली. कूस बदलली की तो पलंग करकरतो. आमच्या खोलीत नुसत्या गाद्या आहेत, त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत.

शनिवार, १६ जानेवारी

तार आज चार बोटं. लिहायला लाज वाटते, पण नोंद ती नोंद. या आजारात मला मुळीच आजारी वाटत नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते, आरशात बरी दिसते. आणि दुसरी गोष्ट लिफ्टवाल्याची. एरवी माणूस म्हणून तो ठीक आहे. पण नेमका याच दिवसांत फार देखणा दिसायला लागतो. आज मोरीतला नळ दुरुस्त करत होता, मनगटापर्यंत काळा, आणि मी दारात उभी राहून त्याच्या मानेकडे बघत राहिले. सासूबाई खाकरल्या, तेव्हा लक्षात आलं की माझ्या हातातलं पातेलं वाकडं झालंय आणि वरण फरशीवर चाललंय.

मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. हा आजाराचाच भाग असणार. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नजरेवर परिणाम’.

मंगळवार, १९ जानेवारी

तार गेली. आता थोडंसं, दाट, पांढरट. उशी आमच्या खोलीत परत आली. लिफ्टवाला पुन्हा नेहमीसारखा दिसतो, विशेषतः ओला टॉवेल गादीवर टाकताना. आता पुढची पाळी येईपर्यंत आम्हाला अडवणारं कुणी नाही, तर आम्ही दोघांनी मनापासून प्रयत्न करायचं ठरवलंय. दर महिन्याला असंच ठरवतो. कष्ट केल्याशिवाय फळ कसं मिळणार?

मंगळवार, २ फेब्रुवारी

काम बंद. सुस्कारा.

नळ मोठा सोडून न्हाणीघरात रडले. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, पाणी किती वाया घालवतेस.

सोमवार, ८ फेब्रुवारी

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. खळ नासू नये म्हणून आम्ही तिच्यात तुरटी घालतो. मग ती चार-चार दिवस टिकते, वास मारत नाही. ही तुरटी मी रोज हाताने कुटते, आणि मला आजवर सुचलं नाही. पहिल्या खळीला जे चालतं ते दुसरीला का चालणार नाही? संध्याकाळी एक पुडी घरी नेली. सासूबाई माझ्या नोकरीवर प्रथमच खूश झाल्या. तुरटीच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ आतून धुवायचं, असं आम्हा दोघींच्या विचाराने ठरलं. आम्हा दोघींचं एकमत व्हायची ही पहिलीच वेळ, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं की काय कोण जाणे.

शनिवार, १३ फेब्रुवारी

तार कालपासून आलीच. पुन्हा करकरता पलंग. तुरटीने जराशी चुणचुण होते. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे औषध लागू पडतंय.

लिफ्टवाल्याने आज तीनदा त्यांच्या खोलीत यायची कारणं काढली. आधी दिव्याचं बटण बघितलं, मग खिडकीची कडी, मग पान्हा घेऊन पलंगापाशी बसला आणि म्हणाला, याचं करकरणं काढून देतो.

“करकरू दे,” सासूबाई काजावरची मान वर न करता म्हणाल्या. “मला कळायला बरं.”

तो पान्हा घेऊन निघून गेला. पाठमोराही बरा दिसत होता. नजरेवर परिणाम.

शनिवार, २० फेब्रुवारी

चुणचुणीची जळजळ झाली. खाज सुटते, लघवीला झोंबतं, खुर्चीत धड बसवत नाही. तार कधीच संपली, पण हे थांबत नाही. आजार पुढच्या पायरीवर गेला असावा. शेऱ्यात लिहिलं, ‘खळ क्र. २ नासली’.

आज पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. आजवर मूल होत नव्हतं, पण होईल असं कुठेतरी वाटत होतं. खुर्चीच्या कडेवर बसून पुठ्ठ्यांना खळ लावताना वाटलं, सासूबाईंचंच खरं असेल तर? मी आतून खराबच असेन तर? मला हे कुणाला विचारायचं तेही माहीत नाही. तुरटी वाढवली.

मंगळवार, २ मार्च

काल काही लिहिलं नाही, कारण लिहायला डायरीच नव्हती.

काल एक तारीख. मुकादमबाईंनी खळीची वही मागितली आणि मी हातातली उलट्या कव्हराची डायरी दिली. खळीची नोंदही उलट्या कव्हराच्याच डायरीत असते, हे ध्यानात आलं जेवणाच्या सुट्टीत. लिहायला म्हणून पिशवीतून डायरी काढली तर आत खळ क्रमांक एक. 

आज दुपारी मुकादमबाईंनी मला कागदाच्या कोठीत बोलावलं, दार लोटलं आणि एका रिमवर बसायला सांगितलं. चष्मा दोऱ्याने गळ्यात, माझी डायरी मांडीवर. त्या म्हणाल्या की वही आधी मालकांनी उघडली. सोळा जानेवारीची नोंद त्यांना इतकी आवडली, की चार बोटं तार, पाण्यासारखी स्वच्छ, वास नाही, मग अशी खळ रोज का होत नाही, सगळ्या मालाला हीच वापरा, असा हुकूम देऊन मोकळे झाले. मुकादमबाईंनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, की ही खळ मागणीनुसार होत नाही.

मी रिमवर बसल्या बसल्या विरघळत होते.

“तीस वर्षं खळ बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “पीठ तेच, पाणी तेच. मग ही महिन्यातून पाचच दिवस तार कशी धरते? आणि तू ‘काम बंद’ लिहिलंस त्या आठवड्यात आपण चारशे वह्या बांधल्या.”

माझ्याऐवजी कान बोलत होते.

“आणि ‘नजरेवर परिणाम’ म्हणजे काय गं?”

मग मी सगळं सांगून टाकलं. पांढरं, हाडं, रीत, पलंग, मार्चअखेर. मुकादमबाई डोळे पुसून पुसून हसत होत्या. तुरटीचं नाव निघालं आणि त्यांचं हसू एकदम थांबलं. माझ्यापुढे हात धरला. पिशवीतली पुडी काढून दिल्यावरच तो मागे घेतला. तुरटी पुस्तकांसाठी असते, म्हणाल्या, आणि तू पुस्तक नाहीस. आजपासून बंद. पुढच्या मंगळवारी त्या स्वतः मला डॉक्टरीणबाईंकडे नेणार.

मग पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या रकान्यांवर खुणा केल्या. चार जानेवारीला काम बंद, दोन फेब्रुवारीला काम बंद, मधे एकोणतीस दिवस. म्हणजे उद्या पुन्हा बंद. मी म्हटलं, अंग काही घड्याळ नाही. त्या म्हणाल्या, बघू.

डायरी परत देताना म्हणाल्या की त्यांनी फक्त रकाने पाहिले, दुसऱ्या बाजूचं एक अक्षर वाचलं नाही. मला हायसं वाटलं. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

“लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची मान खरंच एवढी चांगली असते?”

बुधवार, ३ मार्च

काम बंद. मुकादमबाईंनी लांबून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानावर खोचली. घरी सुस्कारा झालाच होता. डॉक्टरीणबाईंकडे जायला सहाच दिवस आहेत म्हणून नोकरीबद्दल मी काही बोलले नाही, पण मार्च चालू झालाय हे सासूबाईंनी दोनदा सांगितलं.

मंगळवार, ९ मार्च

पहिली गोष्ट, मी नासलेली नाही. हे मोठ्या अक्षरात लिहायचं होतं, पण मुकादमबाई शेजारीच बसून डबा खातायत.

डॉक्टरीणबाई बारीक, तुटक बोलणाऱ्या. तपासलं, काचेवर नमुना घेऊन आत जाऊन पाहून आल्या. जंतू वगैरे काही नाही, तुरटीने आतली कातडी भाजलीय, आठवडा झाला बंद केल्याला, म्हणून आता भरून येतेय. आतून काहीही धुवायचं नाही, आतला भाग स्वतःची सफाई स्वतः करतो आणि ती सफाई म्हणजेच हे पांढरं. बाहेरून साधं पाणी पुरे. हाडांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

मग त्यांनी माझी वही घेतली. माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ तपासलं. म्हणाल्या, इतकी चांगली नोंद घेऊन आलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती. एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेल्या. पाळीनंतर काही दिवस कोरडं. मग थोडं चिकट, पांढुरकं. मग हे स्वच्छ, निसरडं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं. मग पुन्हा दाट आणि कमी, पाळी येईपर्यंत. प्रत्येकीचे दिवस वेगळे. कुणाला चोवीस दिवसांनी पाळी, कुणाला चौतिसांनी, माझं एकोणतिसाचं, म्हणून शेजारणीचा हिशेब मला लागू नाही. खाज, जळजळ, फाटलेल्या दुधासारखं, हिरवट किंवा करडं, घाण वास, ओटीपोटात दुखणं, मधेच रक्त, असलं काही दिसलं तर मात्र घरात औषध कुटत बसायचं नाही, सरळ यायचं.

मी विचारलं, मग ही तार कशासाठी?

“बीज बाहेर पडायची वेळ झाली, त्याची वर्दी,” त्या म्हणाल्या. “एरवी दार बंद असतं, तेव्हा उघडं. मूल राहायचं तर याच दिवसांत राहतं. या दिवसांत नवऱ्याबरोबर असता ना?”

मी रीत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे महिन्यातले नेमके तेवढे दिवस तुम्ही सासूबाईंच्या खोलीत?”

“हो.”

“किती वर्षं?”

“साडेतीन.”

त्या उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मला वाटलं माझी दया येऊन रडतायत. मुकादमबाई पदर तोंडात कोंबून छताकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाई परत येऊन बसल्या तेव्हा चेहरा अगदी सरळ होता.

“तुम्हाला आजार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घराला नियम आहे.”

लगेच आशा लावून बसू नका, असंही बजावलं. नीट दिवस धरूनही महिने लागतात. सहा महिन्यांत नाही जमलं तर तपासणी दोघांची, एकटीची नाही. मी हो हो म्हणत होते. बाहेर आल्यावर मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. चाळीस महिने मी त्या पलंगावर कूस बदलत होते आणि दार उघडं होतं.

बुधवार, १० मार्च

घरात बोलायची सोय नाही, म्हणून लिफ्टवाल्याला त्याच्या कामावर गाठलं. सात मजली इमारत, लिफ्टची तपासणी चाललेली. त्याने मला आत घेतलं, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबवली आणि म्हणाला, बोल. मी बोलले. वही दाखवली, रकाने दाखवले. त्याने काळ्या बोटांनी महिने मोजले, मग एकदम खाली बसला.

“म्हणजे नेमके त्याच दिवसांत मी पान्हा घेऊन खिडकीची कडी बघत होतो,” तो म्हणाला.

खूप वेळ आम्ही हसत होतो. बाहेर कुणीतरी जाळीवर थापा मारत होतं. मग तो म्हणाला, त्याला वाटायचं दोष त्याच्यातच आहे, म्हणून तो आईपुढे बोलत नसे. साडेतीन वर्षांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मीही त्याला बरंच काही सांगितलेलं नव्हतं. मला त्याची फार माया वाटली, आणि तारेचे दिवस सुरू झालेले नसतानाही तो बरा दिसला.

आईला कोण सांगणार, यावर दोघांनीही लिफ्टच्या छताकडे पाहिलं. शेवटी मीच म्हटलं, वही माझी आहे.

शनिवार, १३ मार्च

सकाळी तार आली. ठरल्याप्रमाणे अकराव्या दिवशी. सासूबाई खिडकीशी काजं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “आज काय?”

मी म्हटलं, आहे, पण आज मी तुमच्या खोलीत झोपणार नाही. कान लाल झाले, तरी बोलत राहिले. वही त्यांच्यापुढे ठेवली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते शब्दाला शब्द सांगितलं. लिफ्टवाला दारात उभा होता. यावेळी तो अर्ध्यावर अडकला नाही, आत येऊन माझ्या शेजारी बसला.

सासूबाई आधी चिडल्या. आता वहीतून मुलं होणार का, म्हणाल्या. खळ करणाऱ्या बाया आम्हाला शिकवणार का, म्हणाल्या. मग काज घालायला लागल्या. चार टाके झाले आणि सुई थांबली.

“ही तार तुला लग्नाच्या आधीपासून आहे?”

“हो. शाळेत असल्यापासून.”

“मलाही होती,” त्या म्हणाल्या.

 मग त्या कापडाशीच बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. त्यांना नऊ वर्षं मूल नव्हतं. नऊ वर्षं लोकांनी तोंडावर बोललेलं ऐकलं. दर महिन्याला पाच दिवस त्याही सासूच्या खोलीत, याच पलंगावर. मग नवव्या वर्षी त्यांच्या सासूबाई बहिणीकडे गेल्या, तिथे पाय मुरगळला, आणि महिनाभर तिथेच अडकल्या.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. हा.” त्यांनी सुईने माझ्या नवऱ्याकडे दाखवलं. “मी आजवर काढ्याला श्रेय देत होते. किती कडू होता तो काढा.”

त्यांचा आवाज तिथे बदलला. नऊ वर्षं म्हणजे किती हे मला कळत होतं, कारण साडेतीन काय असतात ते मला माहीत होतं. त्या रडल्या नाहीत. काज पुरं केलं, दातांनी दोरा तोडला, उठल्या आणि कपाटावरची पिशवी काढली. दोन लुगडी, चष्म्याचं घर, सुयांचा डबा.

मी विचारलं, कुठे चाललात?

“बहिणीकडे. किती दिवस म्हणाली ती डॉक्टरीण?”

“पाच.”

“सहा राहते. वहीत चूकभूल असते.”

शुक्रवार, १९ मार्च

रकाने रोज भरले. बाकी लिहायला वेळ मिळाला नाही. नजरेवरचा परिणाम पाचही दिवस टिकून होता, आणि दोघांच्याही.

आज संध्याकाळी सासूबाई परत आल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या पहिल्या मजल्यापासून खाकरत आल्या.

गुरुवार, १ एप्रिल

काम बंद.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, मुकादमबाईंनी पेन्सिलीने तारीखसुद्धा लिहून दिली होती. तरी या वेळी मी मनात घर बांधून बसले होते. नळ मोठा सोडला आणि रडले. मार्च काल संपला, नोकरीचं काय तेही आज निघणार, असं म्हणत तोंड धुतलं आणि बाहेर आले.

सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी सुस्काऱ्याची वाट बघत होते. तो आला नाही. त्यांनी सुई उशीत टोचली आणि म्हणाल्या, “वही आण.”

मी आणली. त्यांनी चष्मा लावून रकाने पाहिले, वाचता आले नसावेत, कारण वही उलटी धरली होती.

“आता कधी?”

मी मोजलं. “अकरा तारखेच्या सुमारास.”

त्यांनी वाकून पलंगाखालून पिशवी ओढली. ती अजून भरलेलीच होती. मार्चमध्ये परत आल्यापासून त्यांनी ती रिकामी केलीच नव्हती. वरचं लुगडं सारखं केलं आणि पिशवी पुन्हा आत सरकवली. बहिणीला आजच कळवते म्हणाल्या, दर महिन्याला जायचं तर तिचीही सोय बघायला हवी. मग मी डबा भरत असताना, कामाला उशीर होईल, लवकर निघ, असं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगितलं. नोकरीबद्दल एवढंच.

मी चपला घालत होते तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. पलंगावर हात ठेवून, खिडकीबाहेर बघत.

“आणि हा पलंग तुमच्या खोलीत न्या. गादीवर कंबर धरते. त्याला सांग, आधी याचं करकरणं काढ. मला आता काही कळायला नको.”